टाळ्या थांबेपर्यंत

१

मे महिना लागला होता, म्हणजे तिकडे हिवाळ्याचं तोंड, आणि थंडी अंगाला झोंबायला लागली होती. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, म्हणून दार्दोनं मित्राकडून त्याच्या मार सेरेनो या समुद्रकाठच्या गावातल्या घराची किल्ली मागून आणली. ब्युनोस आयर्सच्या बाहेर पडतापडताच त्यानं थर्मास आणि ‘माते’ या कडवट पानांच्या चहाचा तुंबा बायकोच्या मांडीवर ठेवला. गाडी चालवणाऱ्याला माते भरून देणं हे शेजारी बसणाऱ्याचं काम. नोएमीनं पहिलाच तुंबा इतका कढत भरला की दार्दोची जीभ पोळली.

"विसरलीस की गं सगळं!" तो तोंडानं वारा घेत म्हणाला. "तिकडे कोर्दोबात नुसती कॉफी ढोसून राहतेस वाटतं?"

"समोर बघ. एखादी गाय येईल आडवी."

"बघितलंस, आयलेन? तुझी आई आली नाही तोच हुकूम सुरू!"

मागच्या सीटवर आयलेन काचेवर तोंडाची वाफ सोडून त्यात बोटानं मासे काढत होती. मासा पुसत तिनं विचारलं, "आई, तू आमच्या घरी कधीपर्यंत राहणार आहेस?"

दार्दो मोठ्यानं हसला. इतक्या मोठ्यानं, की ते हसू आपली समजूत काढायला आहे हे नोएमीच्या लक्षात आलं. "सोमवारपर्यंत, राणी," ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण उगाच पिळत राहिली. आमच्या घरी. पोर काही लागट बोललं नव्हतं. त्याला जे दिसत होतं तेच त्यानं विचारलं होतं.

नोएमी विमा कंपनीत होती. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी चोरीला गेली, की हिनं जाऊन खरं-खोटं बघायचं. बढती मिळाली तशी बदली कोर्दोबाला झाली, आणि तेव्हापासून घर म्हणजे अधूनमधून येणारा शनिवार-रविवार, तोही पुष्कळदा हुकायचा. दार्दो शाळेत व्यायामशिक्षक. आयलेनची वेणी तोच घालायचा, तिला पोहायला तोच न्यायचा, तापात कपाळावर घड्याही त्याच्याच. त्याबद्दल तो एका शब्दानं कधी बोलला नव्हता. बोलला असता तर नोएमीला बरं वाटलं असतं.

मित्राचं घर समुद्राच्या अगदी अंगावर होतं. पुढे पाइनची झाडं, मागे वाळूचं उंच टेकाड, आणि टेकाडापलीकडे पाणी. हंगाम संपलेला. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या, आइस्क्रीमच्या दुकानाला साखळी, रस्त्यात वाळू साचून तिच्यावर कुत्र्यांची पावलं.

"अख्खा समुद्र आपल्या एकट्याचा," दार्दो सामान उतरवत म्हणाला. "जानेवारीत या जागेसाठी लोक मारामाऱ्या करतात, जाडे."

नोएमी काडीपैलवान होती, म्हणूनच तो तिला जाडे म्हणायचा.

२

जेवण झालं. दार्दो आणि आयलेन एकाच पांघरुणात वामकुक्षीला पडले. नोएमी भांडी विसळत असताना तिला टाळ्या ऐकू आल्या.

एका संथ ठेक्यात, पुष्कळ माणसांच्या. टेकाडाच्या पलीकडून.

त्या किनाऱ्यांवर लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात छत्र्यांची दाटी असते, एखादं पोर चुकतं, रडायला लागतं. मग कुणीतरी त्याला उचलून खांद्यावर बसवतं आणि टाळ्या वाजवत चालू लागतं. बाजूचे लोक पत्ते खेळता खेळता, सँडविच खाता खाता टाळ्या धरतात. बघता बघता सगळा किनारा एका ठेक्यात वाजू लागतो, आणि त्या आवाजाच्या रोखानं आई धावत येते. पोर आईच्या गळ्यात पडलं की टाळ्या थांबतात. त्याआधी थांबवायच्या नसतात. दार्दोनं तर दर उन्हाळ्यात एखादं तरी पोर असं खांद्यावर मिरवलेलं असायचं. त्याचे खांदे उंच होते आणि त्याला दुसऱ्याचं रडू बघवायचं नाही.

नोएमीनं नळ बंद केला. बाहेर थंडी मी म्हणत होती, पाण्याचा रंग शिशासारखा झाला होता. अशा दुपारी कोण नेतं पोराला समुद्रावर? आणि पोर हरवायला किनाऱ्यावर गर्दी तर हवी!

ती मागच्या दारानं निघाली आणि टेकाड चढू लागली. वाळू पायाखालून सरकत होती, टाळ्या मात्र जागच्या जागी. माथ्यावर तिचं डोकं पोहोचलं आणि त्या थांबल्या. समोर किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. चिटपाखरू नव्हतं.

कुठल्याशा बंद हॉटेलची ताडपत्री सुटली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. वाऱ्यावर ताडपत्री अशीच वाजते. लोकांच्या तोंडून भुताखेतांनी लावलेल्या आगी तिनं कमी का ऐकल्या होत्या! शेवटी प्रत्येक ठिकाणी एक विजेची जुनी तार निघायची.

घरात येऊन तिनं हात पुसले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वारा पडलेला आहे. पाइनचं पानसुद्धा हलत नव्हतं.

३

शनिवारी सकाळी ती गावात पाव आणि मेदियालुना, चंद्रकोरीसारखे गोड पाव, आणायला गेली. बेकरी तेवढी उघडी होती. गल्ल्यामागे बेकरीवाली दोन्या तेओलिंदा, अंगानं भरलेली, केसांना जाळी. कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारा कोळी कागदाच्या कपातून कॉफी पीत होता. त्याला ती रोमुआल्दो म्हणून हाक मारत होती. पिशवी घेतलेली एक बाई रांगेत नोएमीच्या पुढे. रेडिओवर फुटबॉलच्या गप्पा.

"तुझा संघ या वर्षी उतरणार खाली," तेओलिंदा म्हणत होती.

"तुझ्या तोंडात माती. तू पाव भाज, खेळ माझ्यावर सोड."

"पाव भाजते म्हणून तुला गिळायला मिळतंय, म्हाताऱ्या."

सगळे हसले. आणि हसण्याच्या मधोमध टाळ्या सुरू झाल्या.

दूरवरून, पण स्पष्ट. नोएमीनं दाराकडे पाहिलं आणि पुन्हा दुकानात पाहिलं. रोमुआल्दोनं कप खाली ठेवून दोन्ही हात काखेत दाबले होते. पिशवीवाल्या बाईनं पिशवी छातीशी घट्ट आवळली होती. आणि तेओलिंदानं दोन्ही हात मनगटापर्यंत पिठाच्या डब्यात खुपसले होते. पीठ काढत नव्हती. नुसती उभी होती.

माणूस काही लपवतो तेव्हा हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही, हे नोएमीनं नोकरीत पुरतं ओळखलं होतं. इथे मात्र तिघांनाही ते अगदी नीट माहीत होतं.

"कुणाचं पोर हरवलंय का?" तिनं विचारलं.

"कुठे काय?" तेओलिंदा म्हणाली. "मला तर काही ऐकू येत नाही."

"अहो, या टाळ्या वाजतायत ना!"

"समुद्र असतो तो, सेन्योरा. शहरात नसतो, म्हणून तुम्हाला सवय नाही."

रेडिओवरचा माणूस एकटाच बोलत राहिला. बऱ्याच वेळानं आवाज विरला, तसे तेओलिंदानं हात बाहेर काढले, झटकले, आणि काही झालंच नाही अशा थाटात मेदियालुना कागदात बांधायला घेतल्या. पुडा देताना तिनं आत चॉकलेटची दोन बिस्किटं टाकली.

"घरात लहान आहे ना कुणी?"

"मुलगी आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"काल गाडीच्या काचेत दिसली." तेओलिंदानं नजर खाली वळवली. "तिला हातमोजे घाला हो. थंडी आहे."

४

"अगं, थंडीत पोहणाऱ्यांचा क्लब असेल एखादा," दार्दो म्हणाला. "येडे असतात ते. बर्फात उतरतात आणि वर टाळ्या पिटतात."

"आणि दुकानातले लोक?"

"त्यांना त्या येड्यांचा वीट आला असेल! तू जिथे जाशील तिथे चौकशी लावतेस, जाडे. सुट्टी आहे आपली."

तरी दुपारी पुन्हा आवाज आला तेव्हा तोच पहिल्यांदा उठला. खरंच कुणाचं लेकरू असलं तर, या विचारानं त्याला घास गिळवेना. तो टेकाडापलीकडे जाऊन आला. येताना हसत होता, पण ते हसू त्याच्या चेहऱ्यावर नीट बसलं नव्हतं.

"म्हटलं नव्हतं? क्लबच. पाण्याच्या कडेला पावलांचं मोठं रिंगण आहे, सगळी अनवाणी. माणूस मात्र एक नाही. पळाले असतील गाड्यांत बसून."

"रिंगणातून बाहेर गेलेली पावलं कुठल्या बाजूला गेली होती?"

दार्दो बुटांतली वाळू झटकायला वाकला. मग म्हणाला, "ते नाही बघितलं मी."

आवाज अजून चालूच होता. आयलेन जमिनीवर पोट टेकून चित्रं रंगवत होती. तेओलिंदाच्या सांगण्यावरून नव्हे, थंडी होती म्हणून नोएमीनं तिला लोकरीचे हातमोजे घातले होते. बिस्किट खायला तिनं ते काढून ठेवले होते. ती मान वर करून म्हणाली, "कुणीतरी हरवलंय, बाबा. आपण पण वाजवूया ना!" आणि आईबाबांनी काही म्हणायच्या आत तिनं चॉकलेटनं माखलेले तळवे एकमेकांवर आपटले. एकदाच.

बाहेरच्या टाळ्या थांबल्या.

संपल्या असं वाटलं नाही. कुणी बोलत असताना दारावर थाप पडावी आणि सगळ्यांनी कान टवकारावेत, तशा थांबल्या. घरात फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. नोएमीनं झडप घालून पोरीचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले.

"आई, दुखतंय!"

"नोए, काय करतेस तू? लागेल तिला." दार्दोनं तिची बोटं हळूच सोडवली. आयलेन बापाच्या कुशीत शिरली आणि तिथून आईकडे बघत राहिली, परक्या माणसाकडे बघावं तशी.

ताडपत्री, क्लब, समुद्र. नोएमीनं तिन्ही कारणं मनात शेजारी शेजारी मांडली. एकाही कारणाला कान नव्हते.

"उद्याच निघूया का?" तिनं विचारलं.

"उद्या दुपारी निखाऱ्यांवर मांस भाजून असादो करू आणि निघू. पोरीला कबूल केलंय मी." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "तू इथे आहेस तर नुसती इथे राहा ना, नोए. एवढंच कर."

५

रविवारी ऊन पडलं, आणि उन्हात सगळंच खुळचट वाटायला लागलं. दार्दो अंगणात विस्तव पेटवायला थांबला. नोएमी आयलेनला घेऊन टेकाड उतरून किनाऱ्यावर गेली. रोमुआल्दो गळ टाकून बसला होता. एक जोडपं कुत्र्याला फिरवत होतं. माणसं दिसली तसा तिचा जीव भांड्यात पडला.

मायलेकींनी किल्ल्यासाठी खड्डा खणायला घेतला. नोएमीनं निळ्या स्वेटरच्या बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून ओली वाळू उपसली. आयलेन तिच्या पाठीवर रेलून बघत होती.

"बाबापेक्षा तू छान खणतेस," ती म्हणाली.

"मग? मी लहानपणी खड्ड्यांची राणी होते."

"मग तू सोमवारनंतर पण राहा. आपण घरी पण खणू. बाल्कनीतल्या कुंडीत."

नोएमीनं हातातली वाळू खाली टाकली. राहते, असं ती म्हणणार होती. शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. ऑफिसचा नंबर. रविवारी फोन म्हणजे तसंच काही असणार. वाऱ्यानं पलीकडचं ऐकू येईना, म्हणून तिनं समुद्राकडे पाठ केली, एक कान बोटानं बंद केला, एका जळालेल्या गोदामाबद्दल काहीतरी सांगितलं, आणि वळली.

बादली होती. खड्डा होता. खड्ड्यात पाणी झिरपत होतं.

"आयलेन?"

पाण्यात नव्हती. पाणी घोट्याएवढं उथळ होतं, तिथे बुडायला जागाच नव्हती. टेकाडावर नव्हती. पावलं खड्ड्यापासून निघाली होती, पाण्याच्या कडेपर्यंत गेली होती, आणि लाटेनं पुसली होती.

ती जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली. कुत्रेवालं जोडपं थबकलं. ती रोमुआल्दोकडे धावली.

"माझी मुलगी! आत्ता इथे होती! टाळ्या वाजवा ना, अहो, टाळ्या वाजवा, तिला आवाज जाईल!"

म्हाताऱ्यानं गळाची दोरी दोन्ही मुठींभोवती गुंडाळली. एक वेढा, आणखी एक, बोटं पांढरी पडेपर्यंत. "हात अडकलेत माझे, बाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

जोडप्यानं हात खिशात घातले होते.

आणि मग दक्षिणेकडून, लाटा अडवायला टाकलेल्या दगडांच्या रांगेपलीकडून, टाळ्या वाजायला लागल्या. संथ. पुष्कळ माणसांच्या. नोएमीला एकदम हायसं वाटलं. सापडली! कुणाला तरी सापडली. ती आवाजाच्या रोखानं पळत सुटली. मागून रोमुआल्दो काहीतरी ओरडला, पण तिला ऐकायचं नव्हतं.

६

दगडांच्या पलीकडे घोळका होता. बाया होत्या, पुरुष होते, सगळे मोठ्या वयाचे. थंडीत पोहण्याच्या कपड्यांत. एकीच्या डोक्यावर गवती टोपी, एकाच्या एकाच पायात रबरी चप्पल, एकाच्या अंगावर ऑफिसचा शर्ट, बाह्या सारलेल्या. कुणी शहारत नव्हतं. मधोमध एक उंच माणूस, आणि त्याच्या खांद्यावर आयलेन. गाल लाल, डोळे चमकत होते.

"आई!" ती ओरडली. "बघ मी किती उंच!"

घोळक्यानं वाट दिली. नोएमीनं पोरीला ओढूनच खाली घेतलं, कमरेवर बसवलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं. केसांना खाऱ्या पाण्याचा वास. जिवंत, ऊबदार, जड. 

"उपकार झाले. मिळाली. मिळाली हो. मीच हिची आई."

टाळ्या थांबल्या नाहीत.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. "मी आई आहे हिची!" ती पुन्हा मोठ्यानं म्हणाली. सगळे तिच्याकडे मायेनं बघत होते आणि वाजवत होते. इतक्या जवळून तिला दिसलं, की त्यांच्या तळव्यांना कातडी उरलेली नाही. टाळीचा आवाज ओला होता. पोर आईच्या गळ्यात पडलं होतं आणि टाळ्या वाजतच होत्या. आणखी कुणाचं पोर हरवलं असेल का? तिनं आजूबाजूला पाहिलं. दुसरं पोर नव्हतं. आणि ते आता तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून पलीकडे, टेकाडाकडे बघत होते. वाट बघत होते.

आणि मग टाळ्या थांबल्या. सगळ्या एकदम.

नोएमीच्या गळ्याभोवतीची आयलेनची मिठी सैल झाली. पोर तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं. त्यानं दोन्ही हात पसरले, आणि शाळा सुटल्यावर फाटकाशी मारतात तशी हाक मारली.

"आई!"

नोएमी वळली. टेकाडावरून एक बाई धावत येत होती. निळा स्वेटर, विस्कटलेले केस तोंडावर. पाय वाळूत रुतत होते आणि ती पडत, उठत, हुंदके देत येत होती, जशी आई येते. तिच्यामागे दार्दो, हात कोळशानं काळे. ती बाई गुडघ्यांवर कोसळली आणि तिनं पोर घेतलं. नोएमीनं सोडलं नव्हतं. पण हात रिकामे होते.

बाईनं चेहरा आयलेनच्या केसांत लपवला होता. दिसली ती फक्त मान, गालाची कड, खांद्यांचा थरकाप. स्वतःला पाठमोरं कुणी कधी बघत नाही. तरी नोएमीनं ओळखलं.

"दार्दो," ती म्हणाली.

दार्दोनं तिचे दोन्ही हात हातांत घेतले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाई," तो म्हणाला, "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसता तर काय झालं असतं हो!"

"दार्दो, मी आहे. नोएमी."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ उमटला, माणूस परक्यानं नावानं हाक मारल्यावर गोंधळतो तसा. मग त्यानं तिचे हात हलकेच सोडले आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला. "चल, जाडे," तो त्या बाईला म्हणाला. "सापडली ना? आता रडू नकोस. घरी चल."

जाताना आयलेननं मान वळवून नोएमीकडे पाहिलं. बघतच राहिली. काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्या बाईनं तळव्यानं तिचं डोकं हळूच आपल्या खांद्यावर टेकवलं.

७

नोएमीला कुणी धरून ठेवलं नाही. घोळका बाजूला झाला. ती टेकाडावरून धडपडत चढली, उतरली, घराशी आली. अंगणात विस्तव धगधगत होता, मांसाचा खमंग वास सुटला होता. खिडकीतून तिघं दिसली. टेबलाशी ती बाई खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि आयलेनच्या ताटात मांस कापून देत होती. आयलेन खळखळून हसत होती. गेल्या वर्षभरात नोएमीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तिनं दार बडवलं. दार्दोनं उघडलं.

"बाई, तुम्ही! या ना, बसा. तुम्हाला थंडी वाजतेय."

"माझ्याकडे बघ, दार्दो." दाव्याची कागदपत्रं टेबलावर मांडावीत तशी ती एकेक गोष्ट सांगायला लागली. आयलेनच्या टाचेवरचा तीळ. ती पायाळू जन्मली ते. त्याच्या बापाच्या दफनाच्या वेळी तो रडला नाही आणि नंतर गाडीत, सिग्नलला थांबल्यावर, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला ते. आणि तेव्हा गाडीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं ते.

दार्दोचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी शेजारी होते!"

त्यानं वळून आत पाहिलं. पाठमोरी बाई सुरी चालवायची थांबली होती. वळली नव्हती. दार्दोनं पुन्हा नोएमीकडे पाहिलं, आणि त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत हळूहळू दया गोळा झाली. तीच दया, जिच्यापायी ती त्याच्या प्रेमात पडली होती.

"तुमच्यासोबत कुणी नाही का, बाई? कुठे उतरलाय तुम्ही?"

आयलेन धावत दाराशी आली आणि बापाच्या पायाला बिलगली. तिनं नोएमीचा चेहरा न्याहाळला. तिच्या नखांतली ओली वाळू न्याहाळली.

"बाबा, या काकू हरवल्यायत का?"

"हो, बाळा. तसंच दिसतंय."

"मग टाळ्या वाजव ना."

"नको," नोएमी म्हणाली. "आयलेन, नको. दार्दो, हात जोडते तुला."

"घाबरू नका." तो अंगणात आला, तिच्या शेजारी उभा राहिला, आणि त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. संथ, मोठ्या, मनापासून. जानेवारीत परक्या लेकरांसाठी वाजवायचा तशा. आयलेनही वाजवू लागली. आत टेबलावर सुरी ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिसऱ्या हातांनी तोच ठेका धरला.

नोएमीनं त्याची मनगटं पकडली. ती कोळशाची ऊब लागून गरम होती. "थांब. थांब ना रे. मी घरी आहे. मी इथेच आहे."

"तुमची माणसं येतील, बाई," दार्दो समजुतीनं म्हणाला आणि त्यानं मनगटं सोडवून घेतली. "येतातच. आवाज ऐकला की येतातच."

तो वाजवत राहिला. तिच्या डोक्यावरून टेकाडाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"ते बघा," तो म्हणाला. "आली."

मागे वाळू घसरल्याचा आवाज आला, पुष्कळ अनवाणी पायांखालून. नोएमीनं वळून पाहिलं नाही. तिनं आयलेनकडे पाहिलं. आयलेन गोड हसली, सुटकेचं हसू, आणि तिनं चिमुकले हात खाली घेतले.

टाळ्या थांबल्या.